टिपांसह बायबल घ्यायचंय, एकच आणता येईल. कुठलं घेऊ?

श्रीरामपूरकर

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीत रविवारी संध्याकाळी तरुणांचा बायबल वर्ग भरतो. तो चालवणारे सर बदली होऊन गेले आणि पाळकसाहेबांनी वर्ग माझ्या गळ्यात घातला. मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस, धर्मशास्त्राच्या कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. घरात आजीचं जुनं पवित्र शास्त्र आहे, त्यावरच वाढलो. वर्ग म्हणजे एक अध्याय आळीपाळीने वाचायचा, मी चार शब्द बोलायचे, एक गीत, प्रार्थना, मग चहा-बिस्किटं. बरं चाललं होतं.

गेल्या महिन्यात २ शमुवेल संपत आलं होतं. बारावीतली एक मुलगी मोबाइलवर इंग्रजी भाषांतर उघडून बसली होती. म्हणाली, "दादा, इथे २१:१९ मध्ये गल्याथाला एलहानानाने मारलं असं लिहिलंय. मग दावीदाने कुणाला मारलं?" धिप्पाड गल्याथाला मारतो तो दावीद, हे तर लहानपणापासून पाठ. मी "पुढच्या रविवारी बघू" म्हणून वेळ मारून नेली. पुढच्या रविवारी तिने प्रार्थनेच्याही आधी विचारलं.

पाळकसाहेबांच्या कानावर घातलं तर त्यांनी कपाटातून काळ्या चामड्याचं जुनं स्कोफील्ड रेफरन्स बायबल काढून दिलं. "यात सगळं आहे," म्हणाले. इंग्रजी जुनं, टाइप मुंगीएवढा. चुलतभाऊ दुबईहून नाताळात येतोय, एक पुस्तक आणतो म्हणालाय. एकच, कारण बॅगेचं वजन.

तर कुठलं सांगू? इंग्रजी वर्तमानपत्र वाचण्याइतकं येतं. स्कोफील्ड हाताशी असताना दुसऱ्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे का? आणि टिपा वाचायच्या कशा, वचनाबरोबर की नंतर? मी एकदा खाली टिपेत उतरलो की तिथेच अर्धा तास जातो आणि वर काय वाचत होतो ते विसरतो.

---

दौंड_लोकल

जय ख्रिस्त भाऊ. स्पष्ट बोलते, रागावू नका. टीप म्हणजे शेवटी माणसाचं बोलणं. माझ्या आईने जन्मभर बिनटिपांचं बायबल वाचलं आणि मंडळीतल्या दोन पाळकांना उपदेशानंतर दुरुस्त केलं. पंडिता रमाबाईंनी इब्री-ग्रीक शिकून केडगावला आख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं ते कशासाठी? साध्या बायाबापड्यांना स्वतः वाचता यावं, मध्ये कुणी पंडित लागू नये म्हणून. योहान १४:२६ काढा. शिकवणारा आहे.

घ्यायचंच असेल तर लाइफ ॲप्लिकेशन स्टडी बायबल घ्या. इंग्रजी सोपं आहे, आणि वाचलेलं आज घरात, नोकरीत कसं लागू करायचं ते सांगतात. पोरांना तेच लागतं. एलहानान कोण होता हे कळून कुणाचं तारण झालंय?

---

काना_मात्रा

श्रीरामपूरकर, आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. अख्ख्या वर्गात नीट वाचणारी तीच आहे.

मी वसईची, कॅथलिक, आणि आयुष्य छापखान्यात गेलं. मुद्रितं तपासायचं काम. पंचांगं, दहावीची गाइडं, नोव्हेनाच्या पुस्तिका, पतसंस्थेचे वार्षिक अहवाल, सगळं या डोळ्यांखालून गेलंय. त्यामुळे टिपांचं बायबल हातात आलं की मी पहिल्यांदा पानावरची आडवी रेघ शोधते. रेघेच्या वर मजकूर, रेघेच्या खाली टीप. वरचं एकाचं, खालचं दुसऱ्याचं. सगळी गोम इथे आहे, कारण वाचणारा महिन्याभरात ती रेघ विसरतो. टाइप बारीक असला तरी कागद तोच, बांधणी तीच, आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत नाव एकच. मग माणूस शपथेवर सांगतो, "असं बायबलमध्ये आहे." असतं ते टिपेत.

आणि रेघेच्या वरचंही सगळं मुळातलं नसतं, बरं का. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले, स्टीफन लँग्टनने पाडलेले. नव्या करारातल्या वचनांचे आकडे रोबेर एस्तियेन या छापणाऱ्याने १५५१ मध्ये घातले. ठळक टाइपातली मधली शीर्षकं संपादकांची. लूकच्या पंधराव्या अध्यायात "उधळ्या पुत्राचा दाखला" असं शीर्षक दिसलं की आपण एकाच मुलाची गोष्ट वाचतो. गोष्ट सुरू होते ती एका माणसाला दोन मुलगे होते इथून, आणि संपते थोरल्या मुलापाशी, अंगणात. शीर्षकाने थोरल्याला गाळून टाकलंय. मी संपादक असते तर शेरा मारला असता.

दौंडच्या ताई, तुमच्या आईंना नमस्कार. पण टिपांवरचा राग तुमच्या आधी एका राजाला आला होता. १५६० चं जिनिव्हा बायबल, समासात टिपाच टिपा. निर्गमच्या पहिल्या अध्यायात सुइणी फारोची आज्ञा मोडतात आणि पोरं वाचवतात. जिनिव्हावाल्यांनी समासात लिहिलं की त्यांनी आज्ञा मोडली ते योग्यच, खोटं बोलल्या ते वाईट. इंग्लंडच्या जेम्स राजाला हे झोंबलं. राजाची आज्ञा मोडणं योग्य? १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीत त्याने या टिपांवर तोंडसुख घेतलं, आणि १६११ मध्ये त्याच्या नावाचं जे बायबल निघालं त्यात मतं सांगणाऱ्या टिपांना बंदी होती. टिपा नकोत म्हणणाराही दर वेळी नुसत्या भक्तीपोटीच म्हणतो असं नाही, एवढंच.

आता एलहानान. १६११ च्या त्याच भाषांतरात या वचनात "गल्याथाचा भाऊ" मारला असं आहे, पण आजच्या कुठल्याही बऱ्या प्रतीत बघा, "चा भाऊ" तिरप्या टाइपात आहे. मुळात नसलेले, भाषांतरकारांनी पदरचे घातलेले शब्द ते तिरपे छापतात. इतक्या प्रामाणिकपणे केलेली लबाडी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. "भाऊ" आला १ इतिहास २०:५ मधून, तिथे तो खरंच आहे. आजच्या टिपांमध्ये दोन तट पडतात. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द न् शब्द खरा मानणाऱ्यांच्या, आवृत्त्या साधारणपणे सांगतात की नक्कल करणाऱ्याचा हात घसरला, मूळ पाठ इतिहासातला. विद्यापीठातून निघणाऱ्या आवृत्त्या सांगतात की पराक्रम आधी एलहानानाच्या नावावर होता, पुढे तो दावीद राजाच्या नावावर गेला आणि इतिहास लिहिणाऱ्याने "भाऊ" घालून तडजोड केली. तुमच्या वर्गात दोन्ही सांगा. बारावीतली मुलं आहेत, पेलतील.

म्हणून पुस्तक घेण्याआधी ते वचन उघडायचं. इंटरनेटवर नमुन्याची पानं मिळतात, नाहीतर भावाला दुकानात उभं राहून फोटो पाठवायला सांगा. मी आणखी तीन-चार ठिकाणं बघते. मार्क २:२६: येशू म्हणतो दावीदाने भाकरी खाल्ल्या तेव्हा अब्याथार मुख्य याजक होता, आणि १ शमुवेल २१ मध्ये तो याजक अहीमलेख आहे. मत्तय आणि लूक तीच हकिकत सांगताना नाव गाळतात. टीप इथे गप्प बसली तर समजायचं की अडचण आली की हे पुस्तक गप्प बसतं. मार्क १६:९-२०: सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनायटिकस आणि व्हॅटिकनसमध्ये, ही वचनं नाहीत. हे सरळ सांगितलंय का? दानीएलची प्रस्तावना: इ.स.पू. सहावं शतक म्हणतात, की अंतियोख या ग्रीक राजाने यहुद्यांच्या केलेल्या छळाचा काळ, म्हणजे इ.स.पू. १६७ ते १६४ च्या आसपास? यावरून संपादक कोणत्या घरचे ते एका पानात कळतं. आणि १ तीमथ्य २:१२, बायकांनी शिकवू नये. ते वचन तुमच्या वर्गातल्या मुली तुमच्याआधी काढणार, तेव्हा खाली काय छापलंय ते घेण्याआधी वाचा.

शेवटची परीक्षा कुठलंही पान उघडून. टीप वचनात नसलेलं काही सांगते का? कितीतरी जाडजूड आवृत्त्यांत वचन म्हणतं "तो घाबरला" आणि टीप म्हणते "येथे तो घाबरलेला दिसतो". असल्या टिपांची छपाई जाहिरातींच्या दराने व्हायला हवी.

आता नावं. एनआयव्ही स्टडी बायबल, पहिलं १९८५ चं: इंग्रजी सोपं, संदर्भ चांगले, तुमच्या मंडळीत कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. ईएसव्ही स्टडी बायबल, २००८: नकाशे आणि मंदिराची चित्रं फारच देखणी, पण बायकांच्या प्रश्नावर त्यांचं मत ठाम आणि जुन्या वळणाचं आहे, आणि ते मत आहे असं फारसं जाणवू देत नाहीत. न्यू ऑक्सफर्ड ॲनोटेटेड बायबल, १९६२ पासून चालू, पाचवी आवृत्ती २०१८ ची: विद्यापीठाचं काम, वेगवेगळ्या पंथांचे आणि यहुदी अभ्यासकही त्यात आहेत, शिवाय आम्हा कॅथलिकांची जास्तीची पुस्तकं मिळतात. तुमची ६६, आमची ७३, माहीत असेलच. कोरडं आहे. प्रार्थनेला बसताना उघडावंसं वाटणार नाही.

मी म्हणेन ऑक्सफर्ड घ्या. का, तर मंडळीची बाजू तुम्हाला पाळकसाहेबांकडून दर रविवारी फुकट मिळतेच आहे. पैसे देऊन तीच पुन्हा कशाला घरी आणायची? दुसरी बाजू घ्या. लाइफ ॲप्लिकेशनबद्दल बोलायचं तर ते वाईट नाही, पण लागू कसं करायचं हे सांगण्याच्या घाईत मुळात काय घडलं ते राहून जातं. आणि ती लागू करण्याची उदाहरणं अमेरिकन उपनगरातली. आपल्याकडे सासू एकाच घरात राहते.

मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल जवळ असू द्या. साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळालेलं पुस्तक आहे. वसईकर म्हणून मी पक्षपाती आहे, तेवढं वजा करून घ्या. इंग्रजी चालत असेल तर २००८ मध्ये मुंबईच्या सेंट पॉल्सने काढलेलं न्यू कम्युनिटी बायबल ग्रंथालयात कुठे दिसलं तर चाळा. टिपांमध्ये गीता आणि उपनिषदं, चित्रात साडीतली मरिया आणि फेटा बांधलेला योसेफ. दोन्हीकडून ओरडा झाला आणि २०११ मध्ये सुधारून पुन्हा काढावं लागलं. मला ती पहिली आवृत्तीच आवडते. टिपा लिहिणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत ते लपवलेलं नव्हतं.

---

शनवारतेली

शालोम आणि नमस्कार. इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितोय, मूळचे आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मराठी घरात टिकवली आहे, बायकोच्या धाकाने.

काना_मात्राताईंच्या रेघेबद्दल एक भर. आमच्याकडे टिपा रेघेखाली नसतात, मजकुराच्या चहूबाजूंनी असतात. व्हेनिसला डॅनिएल बोमबर्ग नावाचा ख्रिस्ती छापणारा होता. त्याने १५१७ आणि पुन्हा १५२५ च्या सुमारास काढलेल्या बायबलांनी ही मांडणी रुळवली. मधोमध थोडासा मजकूर, एका बाजूला अरामी भाषांतर, दुसरीकडे राशी नावाच्या जुन्या रब्बीचं भाष्य, खाली इब्न एज्रा या दुसऱ्या भाष्यकाराचं. हे लोक एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण एकाच पानावर छापलेलं असतं. मला लहानपणी शिकवणाऱ्या आजोबांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं होतं की राशी काय म्हणतो ते पाठ करू नकोस, राशीला काय खटकलं ते शोध. उत्पत्तीच्या पहिल्याच वचनावर राशी विचारतो, ग्रंथ इथून सुरूच का होतो, पहिली आज्ञा येते तिथून, म्हणजे निर्गमच्या बाराव्या अध्यायापासून का नाही?

इब्न एज्राची एक जागा मला फार प्रिय आहे. उत्पत्ती १२:६, "त्या वेळी त्या देशात कनानी राहत होते." हे "त्या वेळी" मोशे कसं लिहील? मोशेच्या काळात कनानी तिथेच होते की. बाराव्या शतकातला हा माणूस लिहितो की यात एक गुपित आहे, आणि शहाण्याने गप्प बसावं. झालं, टीप संपली. पुढे लोकांनी त्या एका ओळीवर केवढे ग्रंथ लिहिले!

जुन्या करारासाठी ज्यूइश स्टडी बायबल बघा, ऑक्सफर्डचंच, २००४ चं आणि दुसरी आवृत्ती २०१४. टिपांमध्ये आजचे अभ्यासक आणि जुने रब्बी दोघंही भेटतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, पुस्तकांचा क्रम वेगळा आहे. आमचं बायबल इतिहासाच्या पुस्तकांनी संपतं, मलाखीने नाही. वर्गात "पान अमुक काढा" म्हणालात तर गोंधळ होईल. आणि नव्या करारासाठी त्यांचंच ज्यूइश ॲनोटेटेड न्यू टेस्टामेंट आहे, २०११ चं. परूशी (येशूच्या काळातला एक यहुदी पंथ) म्हणजे ढोंगी हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेल्यांनी तर जरूर वाचावं.

पण एकच आणायचं असेल तर ताई म्हणतात तेच. मला राग नाही.

---

श्रीरामपूरकर

सगळ्यांचे आभार. भावाला ऑक्सफर्डचं नाव पाठवलंय. तो येईपर्यंत ताईंची परीक्षा हातातल्या स्कोफील्डवर करून पाहिली. एलहानानाजवळ तिरपा टाइप खरंच आहे. मी इतके दिवस तिरपं म्हणजे जोर देऊन वाचायचं असं समजून वाचत होतो. समासात जगाच्या उत्पत्तीची तारीख इ.स.पू. ४००४ छापलेली आहे, तीही आता टीप म्हणूनच वाचली.

पण वेगळंच सापडलं, आणि ते इथे लिहू की नको असा विचार केला. उत्पत्ती ९ वाचत होतो. नोहा दारू पिऊन पडतो, त्याचा मुलगा हाम बघतो, मग नोहा शाप देतो. शाप हामाच्या मुलाला, कनानाला आहे, हामाला नाही, वर स्वच्छ लिहिलंय. खाली टिपेत काय आहे? हामापासून हीन आणि सेवा करणारा वंश निघेल अशी ही भविष्यवाणी आहे, असं. "हीन" हा शब्द वर कुठेच नाही. दोनदा वाचलं.

आमच्या पणजोबांची पिढी नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या काळात ख्रिस्ती झाली. त्याआधी गावाने त्यांना कुठे बसवलं होतं ते सांगायला नको. आजोबा त्यावर फार बोलायचे नाहीत. वंशाने कुणी हीन ठरतो हे वाक्य ऐकायचं नाही म्हणूनच तर ते निघाले होते. आणि तेच वाक्य पवित्र शास्त्राच्या पानावर, चामड्याच्या बांधणीत. हे पुस्तक मंडळीत किती वर्षं आहे कोण जाणे. कुणी वाचलंच नसेल, किंवा वाचून पान उलटलं असेल.

पाळकसाहेबांना दाखवू का? माणूस चांगला आहे. त्यांना ते त्यांच्या गुरूंनी दिलेलं आहे.

---

काना_मात्रा

दाखवा. एकटे असताना दाखवा, वर्गासमोर नाही. आणि आधी त्यांनाच वाचायला द्या, तुम्ही वाचून दाखवू नका.

त्या टिपेमागचा माणूस सांगते, म्हणजे बोलणं सोपं जाईल. सायरस स्कोफील्ड, १८४३ चा जन्म. अमेरिकेच्या यादवी युद्धात कोवळ्या वयात दक्षिणेच्या फौजेत होता, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूला. पुढे कॅन्ससमध्ये वकिली, मग धर्माकडे वळला. १९०९ मध्ये ऑक्सफर्डच्या छापखान्याने त्याचं बायबल काढलं, १९१७ मध्ये सुधारून पुन्हा. हामाच्या वंशाचा तो अर्थ त्याने शोधलेला नाही. अमेरिकेत गुलामांचे मालक आणि त्यांचे उपदेशक पिढ्यानपिढ्या तेच सांगत आले होते. कारण उघड आहे, शाप कनानापुरता ठेवला तर त्यांच्या कामाचा राहत नाही. त्याला बापापर्यंत ताणायला लागतं. स्कोफील्डने ते ऐकलेलं टिपेत उतरवलं, आणि मग मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यांतून ते आपल्याकडे येऊन कपाटात बसलं. पाळकसाहेबांचे गुरू बिचारे बहुधा काळांच्या विभागणीसाठी ते वापरत असणार. स्कोफील्डचं नाव झालं ते त्यासाठी, सगळा इतिहास सात कालखंडांत बसवल्याबद्दल.

पुस्तक परत करा, पण टाकून द्या असं मात्र मी म्हणणार नाही. वर्गात कधीतरी उत्पत्ती ९ घ्याल तेव्हा ते पान फळ्याशेजारी उघडं ठेवा. वरचं एका मुलाला वाचायला सांगा, खालचं दुसऱ्याला. मग विचारा, "हीन" कोणत्या ओळीत आहे?

आता तुमचा राहिलेला प्रश्न, वाचायचं कसं. मी जाड पोस्टकार्ड वापरते. पान उघडलं की ते रेघेवर आडवं ठेवायचं, खालचं सगळं झाकून. अध्याय एकदा मोठ्याने वाचायचा. छापखान्यात आम्ही जोडीने वाचायचो, एकीने हस्तलिखित वाचायचं, दुसरीने मुद्रितावर बोट ठेवायचं. डोळा गाळलेला शब्द आपोआप भरून घेतो, कान घेत नाही. वाचताना जिथे अडखळाल तिथे समासात बारीक खूण करा. सगळं वाचून झालं की पोस्टकार्ड काढा आणि फक्त खुणा केलेल्या जागांच्या टिपा वाचा. बाकीच्या सोडून द्या. संपादकाला जे समजावून सांगायचंय ते तुम्हाला अडलेलं असेलच असं नाही. तुमचा अर्धा तास तिथेच जातो.

सुरुवात उत्पत्तीपासून करू नका, सगळे लेवीय या नियमांच्या पुस्तकात जाऊन अडकतात. २ राजे १८ आणि १९ घ्या. तिथे टीप म्हणजे काय चीज आहे ते कळतं. अश्शूरचा सन्हेरीब यरुशलेमवर येतो, हिज्कीया राजा त्याला तीनशे किक्कार (जुनं वजनाचं माप) रुपं आणि तीस किक्कार सोनं देतो. खाली टीप सांगेल की सन्हेरीबाची स्वतःची बाजू मातीच्या सहा पैलूंच्या खांबावर कोरलेली सापडली आहे, निनवेहून आलेली, एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात तोही सांगतो की सोनं तीस किक्कार घेतलं. रुपं मात्र आठशे म्हणतो! हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, ४६ तटबंदीची गावं घेतली, असं सगळं मिरवतो. यरुशलेम घेतलं असं कुठेही म्हणत नाही. २ राजेही म्हणतं की घेतलं नाही. इ.स.पू. ७०१ ची ही एकच मोहीम, दोन्ही पक्षांचे जबाब, आणि तुम्ही मध्ये बसून वाचताय. हा आकड्यांचा फरक का, यावर तुमचा वर्ग तासभर भांडेल. बँकेत आहात, तुम्हालाही मजा येईल.

आणखी एक, भाषांतरकारांच्या बारीक टिपा आणि संपादकांच्या टिपा वेगळ्या असतात. ऑक्सफर्डमध्ये भाषांतरकारांच्या टिपा मजकुराला लागून येतात, एकेका ओळीच्या. त्या कधीच सोडू नका. १ शमुवेल १७:४ बघा. वर गल्याथाची उंची सहा हात एक वीत, म्हणजे साडेनऊ फुटांच्या वर. ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत चार हात एक वीत, पावणेसात फूट. दारातून वाकून येणारा उंच माणूस, बस. त्या मुलीला हे सांगा, तिला आवडेल. संक्षेपांची यादी पुस्तकाच्या सुरुवातीला असते, तिची झेरॉक्स काढून पोस्टकार्डाच्या मागे चिकटवा.

---

दौंड_लोकल

ताई, उत्पत्ती ९ बद्दल वाचून मी माझ्या कपाटातली सगळी काढून बघितली. आईच्या बायबलात खाली काहीच नाही, बरं वाटलं. तरी एक कबूल, ते सन्हेरीबाचं मला माहीत नव्हतं. आणि १ इतिहासात त्या एलहानानासारखी, शमुवेलाशी न जुळणारी, अजून किती ठिकाणं आहेत?

---

काना_मात्रा

पुष्कळ. २ शमुवेल २४:१ आणि १ इतिहास २१:१ शेजारी शेजारी ठेवा. दावीदाला शिरगणती करायला कोण भरीस घालतं ते दोन्हीकडे बघा. आईंच्या बिनटिपांच्या बायबलातच बघा, तिथेही दिसतं. काय वाटलं ते इथे लिहा, मग मी टिपा काय म्हणतात ते सांगते. आधी नाही.

श्रीरामपूरकर, भावाला सांगा की ऑक्सफर्ड पुठ्ठ्याच्या बांधणीत मिळालं तर तेच घे. हातात घेऊन मधोमध उघडायचं आणि पाठीकडून बघायचं, दोऱ्याने शिवलेल्या फर्म्यांच्या घड्या दिसल्या पाहिजेत. नुसत्या गोंदावर असेल तर दोन पावसाळ्यांत स्तोत्रसंहिता हातात येईल. कागद पातळ असतो, मागची छपाई थोडी दिसणारच. खुणांना साधी एचबी पेन्सिल, टोक फार अणकुचीदार नको. जेल पेन आणि हायलायटर वर्गातल्या पोरांच्या हाती लागू देऊ नका, पलीकडच्या पानावर उतरतात.